एलएलएमला कॉन्ट्रॅक्ट लॉ कसा अभ्यासायचा: कलम ७४ हातात धरून, पायरी पायरीने

एलएलएमच्या पहिल्या सेमिस्टरला ॲडव्हान्स्ड कॉन्ट्रॅक्ट लॉचा पेपर आला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, एलएलबीचं जुनं पुस्तक कपाटातून काढतात आणि ऑफर, ॲक्सेप्टन्स, कन्सिडरेशन असं पहिल्या पानापासून परत वाचायला घेतात, महिनाभराने अनड्यू इन्फ्लुएन्सपर्यंत पोचतात आणि तोवर सेमिनार पेपरची तारीख उद्यावर आलेली असते. मग पीडीएफ नोट्स, मग हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश), मग कुठलातरी तयार लेख. मार्क पडतात पन्नासच्या आसपास आणि म्हणतात पेपर टफ होता.

पेपर टफ नसतो, क्रम चुकलेला असतो. एलएलबीला विचारतात नियम काय आहे, एलएलएमला विचारतात हा नियम असा का आहे, तो टिकतो का, आणि दोन निकाल एकमेकांशी भांडत असतील तर तुम्ही कोणाच्या बाजूने आणि कशाच्या जोरावर. याची तयारी पुस्तक परत वाचून होत नाही. खाली जो क्रम दिलाय तो भारतीय कायद्यासाठी आहे, आणि उदाहरण म्हणून जास्त करून इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चं कलम ७४ घेतलंय, म्हणजे करार मोडल्यावर आधीच लिहून ठेवलेल्या रकमेचं काय करायचं ते. हे एक कलम नीट जमलं तर बाकीच्या कलमांना पद्धत हीच लागते.

## आधीची तयारी

फार काही लागत नाही. बेअर ॲक्टची (म्हणजे टीका-टिप्पणीशिवाय नुसत्या कायद्याच्या मजकुराची) छापील प्रत, ज्यावर पेन्सिलने खुणा करता येतील अशी. मोबाईलवरचा बेअर ॲक्ट चालत नाही असं नाही, पण कलमातल्या एकेका शब्दाखाली रेघ मारायची सवय कागदावरच लागते. सोबत स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ (करार प्रत्यक्ष पाळायला लावण्याचा कायदा) पण घ्या, तो २०१८ च्या दुरुस्तीनंतरचा आहे ना ते विकत घेतानाच उघडून बघा. कलम १० मध्ये कोर्टाच्या मर्जीची भाषा दिसली तर ती प्रत जुनी, परत करा.

निकालांसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. सुप्रीम कोर्टाचं ई-एससीआर २०२३ पासून सगळ्यांना फुकट आहे, कायद्याचा अधिकृत मजकूर इंडिया कोडवर मिळतो, आणि इंडियन कानून तर सगळेच वापरतात. कॉलेजच्या लायब्ररीत एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्राचा लॉगिन असेल तर तो मिळवून ठेवा, पायरी ५ ला लागेल.

एक वही. फक्त निकालांची. डाव्या पानावर निकाल, उजवं पान कोरं सोडायचं, ते का ते पुढे सांगतो.

तपासा: १८७२ च्या कायद्यात ७६ ते १२३ ही कलमं आता नाहीत, ती १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये गेली, आणि २३९ ते २६६ ही १९३२ च्या पार्टनरशिप ॲक्टमध्ये. तुमच्या हातातल्या नोट्समध्ये यातलं एखादं कलम चालू असल्यासारखं लिहिलेलं असेल तर त्या नोट्स कोणत्या काळातल्या ते कळलं.

## पायरी १: टॉपिक नको, प्रश्न काढा

सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं "डॅमेजेस अँड पेनल्टी". हा टॉपिक झाला, यावर कितीही वाचलं तरी संपत नाही. याचा प्रश्न करा: करारात रक्कम लिहिलेली असेल तर नुकसान सिद्ध करायला लागतं की नाही? आता वाचायला दिशा आली, आणि कुठे थांबायचं तेही कळतं.

प्रत्येक युनिटचे असे दोन-तीन प्रश्न काढा. उदाहरणार्थ कलम २७ (धंदा-नोकरीवर बंदी घालणारे करार) साठी, नोकरी चालू असतानाची बंदी आणि नोकरी सोडल्यानंतरची बंदी यांना कोर्ट वेगळं का वागवतं? कलम ५६ (करार पाळणं अशक्य होणं) साठी, भाव वाढले म्हणून करार संपतो का, आणि करारात फोर्स मेज्यूरचा (हाताबाहेरच्या संकटाचा) क्लॉज असेल तर मग ५६ लागतं की ३२ (एखाद्या घटनेवर अवलंबून असलेले करार)?

प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर "हो" पण देता येईल आणि "नाही" पण. "कन्सिडरेशन म्हणजे काय" याला दोन बाजू नाहीत, तो एलएलबीचा प्रश्न. गाईडकडे विषय घेऊन जाताना पण हेच करा, "सर मला ई-कॉन्ट्रॅक्टवर करायचंय" असं म्हणून गेलात तर ते नुसती मान हलवणार आणि तुम्ही दोन महिने भरकटणार.

## पायरी २: कलम वाचा, पुस्तकाआधी

ही पायरी सगळे टाळतात कारण वाटतं कलम तर माहितीये. कलम ७४ उघडा आणि तुकडे करा.

करार मोडलेला पाहिजे, हा पहिला तुकडा. करारात रक्कम लिहिलेली पाहिजे किंवा पेनल्टीच्या स्वरूपाची दुसरी कुठलीही अट पाहिजे, हा दुसरा, आणि हा "दुसरी कुठलीही अट" वाला भाग १८९९ च्या दुरुस्तीने आलेला आहे हे बाजूला लिहून ठेवा. मग तिसरा, ज्याच्यावरून सगळं रणकंदन आहे: प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेलं असो वा नसो. चौथा, वाजवी भरपाई. पाचवा, लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही.

आता तिसरा आणि चौथा तुकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. नुकसान सिद्ध करायची गरज नाही म्हणता, आणि भरपाई मात्र वाजवी पाहिजे म्हणता, मग नुकसान किती ते माहीत नसताना वाजवी ठरवायचं कसं? बस, हाच तुमचा प्रश्न, आणि तो कुठल्याही लेखकाने सांगायच्या आधी तुम्हाला कलमातच सापडला. एलएलएमला मार्क इथे असतात.

स्पष्टीकरण, अपवाद आणि उदाहरणं पण वाचायची. कलम ७४ खाली जामीनपत्राबद्दलचा अपवाद आहे तो अर्ध्या लोकांनी कधी पाहिलेलाच नसतो.

थांबा: कलमाचे तुकडे स्वतःच्या शब्दांत, मराठीत, बोलल्यासारखे वहीत उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंग्रजी वाक्य पाठ असतं तेव्हा समजल्याचा भास होतो, मराठीत सांगायला गेलं की कुठे अडलंय ते लगेच कळतं. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार आधी आपल्या भाषेत करायला काहीच हरकत नाही.

## पायरी ३: निकालांची साखळी, तारखेच्या क्रमाने

इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक सगळ्यात नवा निकाल आधी वाचतात, त्यात जुन्यांचा सारांश असतोच, मग जुने वाचायचे कशाला? पण नव्या निकालाने जुन्याचा जो अर्थ लावलाय तो बरोबर आहे का, हाच तर एलएलएमचा प्रश्न असतो, आणि तो जुना न वाचता विचारताच येत नाही.

कलम ७४ ची साखळी चार निकालांची घ्या, चारच.

फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास, एआयआर १९६३ एससी १४०५. दिल्लीतल्या मिळकतीचा १,१२,५०० रुपयांचा सौदा. खरेदीदाराने १,००० रुपये इसारा म्हणून दिले, नंतर ताबा घेताना २४,०००. सौदा फिसकटला आणि विकणारा म्हणाला करारात लिहिलंय, सगळे २५,००० जप्त. पाच न्यायाधीशांच्या बेंचने १,००० ठेवू दिले, २४,००० जप्त करू दिले नाहीत, कारण ते इसारा नव्हते आणि तेवढं नुकसान झाल्याचं दाखवलेलं नव्हतं. आपल्याकडे पेनल्टी (धाक म्हणून लिहिलेली रक्कम) आणि लिक्विडेटेड डॅमेजेस (नुकसानीचा आधीच केलेला अंदाज) हा इंग्लंडमधला भेद कलम ७४ ने पुसून टाकलाय, हे पण इथेच आलं.

मौला बक्ष विरुद्ध युनियन ऑफ इंडिया, एआयआर १९७० एससी १९५५, तीन न्यायाधीश. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचे दोन करार, डिपॉझिट १०,००० आणि ८,५००. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने करार रद्द करून डिपॉझिट जप्त केलं. कोर्ट म्हणालं हा इसारा नाही, हे सिक्युरिटी डिपॉझिट आहे, आणि बाजारातून दुसरीकडून माल घेतला असेल तर नुकसान मोजता येत होतं, मग मोजून दाखवायला पाहिजे होतं. नाही दाखवलं, पैसे परत.

ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स, (२००३) ५ एससीसी ७०५, दोन न्यायाधीश. पाइप उशिरा आले, ओएनजीसीने करारातल्या दराने रक्कम कापून घेतली, आर्बिट्रेटर म्हणाले नुकसान सिद्ध करा, सुप्रीम कोर्टाने तो अवॉर्ड बाजूला केला. आकडा दोन्ही बाजूंनी आधीच अंदाज बांधून लिहिलेला असेल तर तो अवाजवी आहे हे दाखवायची जबाबदारी करार मोडणाऱ्यावर.

कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण), (२०१५) ४ एससीसी १३६, परत दोनच न्यायाधीश. भिकाजी कामा प्लेसचा प्लॉट, ७८ लाखांचा इसारा जप्त, आणि तोच प्लॉट नंतर डीडीएने ११.७८ कोटींना विकला. म्हणजे नुकसान सोडाच, फायदाच झाला. पैसे परत करायला लावले. यातला परिच्छेद ४३ दोनदा वाचा, सगळ्या साखळीची गोळाबेरीज तिथे केलेली आहे: नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तिथे ते करावंच लागतं, अवघड किंवा अशक्य असेल तिथेच लिहिलेली रक्कम, ती खरोखर अंदाज म्हणून असेल तर, मिळते.

आता बघा, सॉ पाइप्स आणि कैलाश नाथ दोन्ही दोन न्यायाधीशांचे. तुम्हाला परीक्षेत विचारलं यातला कुठला बांधील, तर "नवा म्हणून कैलाश नाथ" हे उत्तर चुकीचं आहे. समान बेंच एकमेकांना उलटवू शकत नाहीत, प्रणय सेठी (२०१७) मध्ये पाच न्यायाधीशांनी हे स्पष्ट केलंय की समान बेंचमध्ये आधीचा निकाल धरायचा. मग कैलाश नाथ टिकतो तो कशावर? फतेहचंदवर, कारण तो पाच जणांचा आहे आणि कैलाश नाथ त्याच्याच वाटेने गेलाय. सॉ पाइप्सला पण तो खोडत नाही, फतेहचंदच्या चौकटीत बसवून वाचतो. हे तुम्ही तीन ओळींत लिहू शकलात तर तपासणाऱ्याला लगेच दिसतं की मूळ निकाल वाचलेत.

तपासा: साखळीतल्या प्रत्येक निकालापुढे वर्ष, किती न्यायाधीश आणि निकाल कोणी लिहिला हे तीन रकाने भरलेत का? फतेहचंद आणि मौला बक्ष दोन्ही न्या. जे. सी. शहांनी लिहिलेत, हे कळलं की दुसरा पहिल्याचाच पुढचा भाग म्हणून वाचता येतो.

## पायरी ४: एक निकाल पूर्ण वाचायचा कसा

चारही पूर्ण वाचा पण सारख्या लक्षाने नाही. पहिल्या वाचनात फक्त वस्तुस्थिती आणि करारातला वादाचा क्लॉज शब्दशः उतरवून घ्या. हो, शब्दशः, कारण बरेचसे निकाल क्लॉजच्या शब्दांवर फिरतात. दुसऱ्या वाचनात, खालच्या कोर्टाने काय म्हटलं, वर कोण आलं, काय मागितलं. तिसऱ्यात कारणं.

हेडनोट वाचून गाडी हाकणाऱ्यांची कुठे फजिती होते ते दोन उदाहरणांनी सांगतो, कारण हे इतक्या वेळा बघितलंय की आता रागही येत नाही.

सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगाई, १९८०. नोकरी गेल्यावर दोन वर्षं स्पर्धेचा धंदा करायचा नाही असा क्लॉज. जवळजवळ प्रत्येक नोट्समध्ये लिहिलेलं असतं की सुप्रीम कोर्टाने इथे सांगितलं, नोकरीनंतरची बंदी कलम २७ खाली रद्दच. पण निकाल उघडा. न्या. तुळजापूरकर आणि न्या. उंटवालिया यांनी तो कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला आणि एवढंच म्हटलं की क्लॉजमध्ये नोकरी "सोडल्यावर" असं आहे, याला तर कंपनीनेच काढलंय, मग क्लॉज लागू कसा होईल. कलम २७ वरची ती सगळी विस्तृत चर्चा न्या. ए. पी. सेन यांच्या वेगळ्या, सहमतीच्या निकालपत्रात आहे. तिला वजन आहे, पुढच्या निकालांनी ती उचललीय, पण ती त्या निकालाची बहुमताची रेशो (निकालाचं बांधील कारण) म्हणून लिहिलीत तर व्हायवामध्ये पकडले जाणार.

दुसरं, आपल्या खामगावचं. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल, एआयआर १९६६ एससी ५४३. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या जिनिंग फॅक्टरीला ट्रंक कॉलवर सरकीच्या पेंडीची ऑफर दिली, ती खामगावातून फोनवरच मान्य झाली, मग माल आला नाही. करार झाला कुठे, खामगावात की अहमदाबादेत, कारण दावा कुठल्या कोर्टात चालणार ते त्यावर होतं. बहुमत म्हणालं जिथे होकार ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबाद. नोट्स इथे संपतात. पण न्या. हिदायतुल्लांचा डिसेंट (बहुमताविरुद्धचं मत) वाचा, ते कलम ४ (होकार कधी पूर्ण होतो) चे शब्द घेऊन बसतात आणि म्हणतात की होकार देणाऱ्याच्या हातून सुटला की ऑफर देणाऱ्यावर तो पूर्ण झाला, कलमात फोनसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही, म्हणजे खामगाव. बहुमत इंग्लंडच्या वाटेने गेलं की कलमाच्या? ई-मेल आणि ॲपवरच्या करारांवर पेपर लिहायचा असेल तर हा डिसेंट तुमचा सगळ्यात चांगला कच्चा माल आहे.

वहीत डाव्या पानावर हे सगळं एका पानात बसवा: वस्तुस्थिती पाच ओळी, क्लॉज, प्रश्न, रेशो एका वाक्यात, ऑबिटर (ओघात आलेलं, बांधील नसलेलं मत) वेगळ्या शाईने, डिसेंट. उजव्या कोऱ्या पानावर फक्त तुमचे प्रश्न. नुकसान मोजता येत होतं हे कोर्टाने कशावरून ठरवलं? क्लॉजमध्ये "इसारा" असा शब्दच घातला असता तर? ती उजवी पानं म्हणजे पुढे तुमचा सेमिनार पेपर असतो, आयता.

थांबा: एआयच्या चॅटबॉटकडून केसची नावं घेत असाल तर प्रत्येक नाव ई-एससीआरवर उघडून बघितल्याशिवाय वहीत सुद्धा लिहू नका. नाव खरं, वर्ष खरं आणि आतलं म्हणणं भलतंच, असं सर्रास होतं, आणि अस्तित्वातच नसलेली केस पण छातीठोकपणे देतात.

## पायरी ५: निकाल अजून जिवंत आहे का

ही पायरी दहा मिनिटांची आहे आणि ती न केल्यामुळे अख्खा पेपर पडतो.

काट्टा सुजाता रेड्डी, ऑगस्ट २०२२. स्पेसिफिक रिलीफची २०१८ ची दुरुस्ती मागच्या व्यवहारांना लागणार नाही असं तीन न्यायाधीशांनी म्हटलं, आणि दोन वर्षं सगळ्यांनी ते धडाधड कोट केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तोच निकाल रिव्ह्यूमध्ये मागे घेतला गेला. २०२३ मध्ये छापलेल्या पुस्तकात तुम्हाला हे कसं दिसणार? तसंच एन. एन. ग्लोबल, एप्रिल २०२३, पाच न्यायाधीश, स्टॅम्प न लावलेल्या करारातला आर्बिट्रेशन क्लॉज. त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायाधीशांनी उलटवला. आठ महिने सुद्धा टिकला नाही.

म्हणून प्रत्येक निकालासाठी तीन गोष्टी करायच्या. एक, डेटाबेसमध्ये तो कुठे कुठे उद्धृत झालाय ती यादी उघडून नवे ते जुने अशी लावा आणि वरचे दहा नुसते चाळा. दोन, त्याच पक्षकारांच्या नावाने रिव्ह्यू किंवा क्युरेटिव्ह (रिव्ह्यूनंतरचा शेवटचा अर्ज) शोधा, नावं उलटी टाकून पण, कारण रिव्ह्यूत अर्जदार बदलतो. तीन, कायदाच मधे बदललाय का बघा. कलम २८ घ्या, १९९७ मध्ये बदललं, त्यामुळे मुदत संपली की हक्कच संपेल अशा क्लॉजवरचे त्याआधीचे निकाल जसेच्या तसे वापरता येत नाहीत.

## पायरी ६: शेजारचे कायदे जोडा

खऱ्या आयुष्यात करार एकटा १८७२ च्या कायद्याखाली राहत नाही. पण हे सगळं पहिल्या दिवशी वाचायला घेऊ नका, साखळी पक्की झाल्यावरच.

सगळ्यात महत्त्वाचं स्पेसिफिक रिलीफ. १ ऑक्टोबर २०१८ पासून कलम १० म्हणतं की करार पाळायला लावायचाच, ११(२), १४ आणि १६ च्या अटी सांभाळून. आधी ही कोर्टाची मर्जी होती. आणि कलम २० खाली समोरच्याने काम केलं नाही तर ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. याचा कलम ७३-७४ शी काय संबंध लागतो, यावर लिहायला भरपूर जागा आहे.

घर घेणाऱ्यांचे करार: रेराचं कलम १३, नोंदणी केलेला करार न करता बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सोबत पायोनियर अर्बन (२०१९) वाचा, एकतर्फी बिल्डर-करार म्हणजे अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस. २०१९ च्या ग्राहक कायद्यात कलम २(४६) ला "अनफेअर कॉन्ट्रॅक्ट"ची व्याख्याच आली. आणि ब्रोजोनाथ गांगुली (१९८६) चं कलम २३ (लोकहिताविरुद्धचे करार) वरचं विवेचन. हे तीन एकत्र ठेवले की दिसतं की जनरल कॉन्ट्रॅक्ट लॉमध्ये आपल्याकडे अजून अनफेअर टर्म्सचा वेगळा कायदा नाही, लॉ कमिशनने १०३ व्या (१९८४) आणि १९९ व्या (२००६) अहवालात शिफारस करून सुद्धा. डिझर्टेशनसाठी विषय शोधत असाल तर बघा.

ई-करारांसाठी आयटी ॲक्टचं कलम १०-अ. एवढं पुरे.

इन्डेम्निटी (नुकसान भरून देण्याची हमी) आणि गॅरंटी तुमच्या सिलॅबसला असेल तर मुंबई हायकोर्टाचा १९४२ चा गजानन मोरेश्वर परेलकर हा न्या. छागलांचा निकाल सोडू नका. कलम १२४-१२५ मध्ये सगळं काही आलेलं नाही, आणि प्रत्यक्ष पैसे भरायची वाट न बघता इन्डेम्निटी मागता येते, हे त्यांनी ज्या पद्धतीने मांडलंय ते कायदा वाचावा कसा याचा धडा आहे.

## पायरी ७: परदेशी कायदा सगळ्यात शेवटी

तुलनात्मक अभ्यास म्हटलं की लोक सुरुवातच इंग्लंडपासून करतात. उलटं करा.

कॅव्हेंडिश विरुद्ध मकदेसी, यूके सुप्रीम कोर्ट, २०१५, सोबत पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस, ज्यात ८५ पाउंडाचा पार्किंग चार्ज होता. तिथे कसोटी बदलली: क्लॉज पाळून घेण्यात समोरच्याचा रास्त हितसंबंध आहे का आणि रक्कम त्याच्या मानाने अवाच्या सवा आहे का. वाचायला झकास निकाल आहे. पण तिथे पेनल्टी ठरली की क्लॉज गेला, आपल्याकडे पेनल्टी ठरली तरी वाजवी भरपाई मिळते आणि लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा होते. हा फरक न सांगता "भारतानेही ही कसोटी स्वीकारावी" असं शेवटी ठोकून दिलेले पेपर दरवर्षी येतात.

कलम ५६ चं तेच. सत्यब्रत घोष, १९५४, सरळ सांगतो की फ्रस्ट्रेशनचा (करार पाळणं अशक्य होऊन तो संपण्याचा) आपला कायदा कलम ५६ मध्ये आहे, इंग्लंडच्या थिअऱ्या इथे आणू नका. आणि एनर्जी वॉचडॉग, २०१७, इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून करार संपत नाही, फोर्स मेज्यूरचा क्लॉज असेल तर तो कलम ३२ खाली बघायचा. हे दोन पक्के झाल्यावर मग युनिड्रॉइट या आंतरराष्ट्रीय संस्थेची हार्डशिपची (करार पाळणं फार जड होण्याची) तत्त्वं वाचा, तेव्हा आपल्याकडे काय नाही ते टोचेल. सीआयएसजीवर (आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांवरचा संयुक्त राष्ट्रांचा करार) लिहिणार असाल तर लक्षात ठेवा, भारत त्यात सामील नाही.

## पायरी ८: लिहायचं

वाचन संपल्यावर लिहू असं म्हणू नका, संपत नाही ते. साखळी आणि पायरी ५ झाली की पहिला खर्डा घ्या. आधी एक वाक्य: मी काय म्हणतोय. उदाहरणार्थ, "कैलाश नाथनंतर सिक्युरिटी डिपॉझिट जप्त करणाऱ्याने नुकसान मोजता येत नव्हतं हे आधी दाखवलं पाहिजे." मग याच्या विरोधातला सगळ्यात जोरदार मुद्दा, तो सॉ पाइप्समधून मिळेल. मग तुमचं उत्तर. निकालांचे सारांश एकामागून एक लावत गेलात तर ती यादी होते, भाजीवाल्याच्या हिशोबासारखी, त्यात तुम्ही कुठेच नसता.

युक्तिवाद पक्का आहे का ते तपासायला एक लहान उदाहरण घ्या. पुण्यातला ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, ६ महिन्यांचा लॉक-इन, आधी सोडलं तर सगळं डिपॉझिट जप्त. भाडेकरू चौथ्या महिन्यात सोडतो, मालकाला दहा दिवसांत त्याच भाड्याने दुसरा मिळतो. डिपॉझिट परत मिळेल का? किती? मालकाने नुकसान काय दाखवायचं, दहा दिवसांचं भाडं आणि एजंटची दलाली? आणि दुसरा भाडेकरू मिळालाच नसता तर उरलेल्या दोन महिन्यांचंच भाडं की अख्खं डिपॉझिट? तुमची थिअरी इथे अडखळली तर ती पेपरात पण अडखळणार.

कॉपीबद्दल दोनच ओळी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर ४० टक्क्यांपर्यंत गेलं की खर्डा परत येतो. कोट केलेला मजकूर अवतरण चिन्हांत आणि परिच्छेद क्रमांकासह द्या. पान नंबर प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगळा, परिच्छेद नंबर त्यामानाने टिकतो, आणि आता न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः दिलेला क्रमांक) आहे ते आधी लिहा.

तपासा: प्रत्येक फूटनोटमधला निकाल तुम्ही स्वतः उघडलाय का? दुसऱ्याच्या लेखातून उचललेली फूटनोट चूक असेल तर ती चूक तुमच्या नावावर जमा.

## पायरी ९: परीक्षा आणि व्हायवा

लेखी परीक्षेला प्रश्नात दिलेल्या वस्तुस्थितीतला एक तपशील असा असतो की जो उत्तर फिरवतो, "कंपनीने काढून टाकले" किंवा "नंतर जास्त किमतीला विकले" असा. तो आधी अधोरेखित करा आणि उत्तराच्या पहिल्या परिच्छेदातच त्याला हात घाला. कलमाचे शब्द, मग साखळी, मग तो तपशील, मग निष्कर्ष. केसचं नाव आठवलं नाही तर वस्तुस्थिती लिहा, "लष्कराला बटाटे पुरवण्याची केस" असं लिहिलेलं सुद्धा समजतं, चुकीचं नाव ठोकण्यापेक्षा ते बरं.

व्हायवाला हमखास विचारतात ते असं: तुमच्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा निकाल सांगा. "तसा निकाल नाही सर" हे उत्तर देऊ नका, तो असतो, बहुतेकदा समोर बसलेल्यांनी कालच वाचलेला असतो. त्यामुळे वहीच्या उजव्या पानावरचे सगळ्यात अवघड दोन प्रश्न निवडा, त्यांची उत्तरं मित्राला मोठ्याने सांगून बघा, मधे मधे तोडायला सांगा त्याला. आणि आदल्या रात्री पायरी ५ परत एकदा करा, तुमच्या मुख्य चार-पाच निकालांपुरती.